पोपटी शिजेपर्यंतचा पेला

भातकापणी उरकते, खाचरातल्या उरल्यासुरल्या ओलीवर पेरलेल्या वालाला शेंगा धरतात आणि कर्जत-खालापूरच्या शेतांवर संध्याकाळी धूर दिसू लागतो. पोपटी लागलेली असते. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मधे मधे अंडी, बटाटे, रताळी, केळीच्या पानात गुंडाळलेले मसाला लावलेले कोंबडीचे तुकडे, वरून ओवा आणि जाडं मीठ. पुन्हा भांबुर्डा कोंबून तोंड बंद. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. मडकं पालथं घालायचं, भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून जाळ करायचा. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर चार थेंब पाणी शिंपडायचं. चर्र करून उडून गेले की पोपटी झाली.

हा मूळचा शेतावरचा, घरच्या माणसांचा खेळ. आता मुंबई, ठाणे, पुण्याहून शनिवार-रविवारी येणाऱ्या पाहुण्यांसाठी फार्महाऊसवर तो ठरवून केला जातो, आणि पाहुण्यांच्या पिशवीत बाटली असते. पूर्वी ती बिअरची किंवा व्हिस्कीची असे. अलीकडे तिथे पांढरी वाइन दिसू लागली आहे, आणि तिच्याबरोबर एक प्रश्नही: पोपटीबरोबर कोणती वाइन चालेल? दुकानदाराचं, हॉटेलातल्या वेटरचं आणि वाइनच्या पुस्तकांचं उत्तर बहुतेक ठरलेलं असतं. मसालेदार भारतीय जेवण ना, मग सुगंधी पांढरी वाइन घ्या; गेवुर्ट्झट्रामिनर मिळाली तर उत्तमच. या उत्तरात तथ्य किती, हे पाहण्यासारखं आहे. आणि त्यातून निघणारी एक गोष्ट चवीपेक्षा महत्त्वाची आहे.

आधी नावाविषयी. जर्मन भाषेत ‘गेवुर्ट्झ’ म्हणजे मसाला, आणि ट्रामिन हे उत्तर इटलीतलं, जर्मन बोलणाऱ्या मुलखातलं एक गाव. ही गुलाबीसर सालीची द्राक्षं. वाइन मात्र पांढरी, थोडी सोनेरी. फ्रान्सच्या अल्सास भागात तिचं मोठं प्रस्थ आहे. नाव मसाल्याचं असलं तरी वास येतो तो लिचीचा आणि गुलाबाचा. हा भास नव्हे. लिचीच्या फळात जो ‘रोझ ऑक्साइड’ नावाचा सुगंधी रेणू असतो, तोच या वाइनमध्ये सापडतो. त्याच्या जोडीला लिनालूल आणि जिरॅनिऑल. लिनालूल म्हणजे आपल्या धण्याच्या वासातला मुख्य घटक. जिरॅनिऑल गुलाबात असतो, आणि कर्जतच्या कुठल्याही परसात दिसणाऱ्या गवती चहाचा वास ज्या सिट्रालचा, तो याचा सख्खा भाऊ.

वास प्रत्येक वाइनला असतोच. पण मस्कत, रीसलिंग, गेवुर्ट्झट्रामिनर, व्हिऑन्ये अशा काही जातींना ‘सुगंधी’ म्हणतात, कारण त्यांचा वास लाकडी पिंपातून किंवा जुनं होण्यातून आलेला नसतो, तो द्राक्षातच असतो. गंमत अशी, की द्राक्षात असताना त्यातला बराचसा भाग मुका असतो. सुगंधी रेणू साखरेच्या रेणूला बांधलेला असतो आणि तशा अवस्थेत तो हवेत उडत नाही, म्हणून नाकाला कळतही नाही. द्राक्षाचा रस आंबताना आणि पुढे बाटलीत ही गाठ हळूहळू सुटते.

आता पोपटीचं मडकं. ओव्याच्या वासातला मोठा वाटा थायमॉलचा. भांबुर्डा पावसाळ्यानंतर रानात, बांधावर आपोआप उगवतो. त्याच्या उग्र वासाच्या तेलातही थायमॉलच्या नात्यातलं संयुग असल्याचं रसायनशास्त्रज्ञांनी नोंदवलं आहे. थायमॉल, लिनालूल, जिरॅनिऑल, रोझ ऑक्साइड ही सगळी एकाच घराण्यातली मंडळी, दहा कार्बनच्या सांगाड्यावर उभी असलेली मोनोटर्पिनं. म्हणजे मडक्यात आणि पेल्यात एकाच कुळाचे वास आहेत. पदार्थ आणि पेय यांच्यात सामाईक रेणू असले की त्यांची जोडी जमते, असा एक सिद्धांत पाश्चात्त्य स्वयंपाकघरांत गेली काही वर्षं बराच गाजतो आहे. त्यानुसार पोपटी आणि गेवुर्ट्झट्रामिनर यांची पत्रिका जुळलीच म्हणायची.

पण थांबा. २०१५ साली जोधपूरच्या आयआयटीतले गणेश बागलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २,५४३ भारतीय पाककृती संगणकावर घालून नेमकी हीच तपासणी केली होती. त्यात महाराष्ट्रीय पाककृतींचा वेगळा गटही होता. निष्कर्ष उलटा निघाला. आपल्या पदार्थांत एकत्र येणारे घटक योगायोगाने जितके सामाईक रेणू बाळगतील, त्याहूनही कमी बाळगतात. आणि हे घडवून आणण्यात सर्वांत मोठा हात मसाल्यांचा. थोडक्यात, आपली चव सारख्याला वेगळं भिडवून तयार होते. तेव्हा रेणूंची नाती जुळवून वाइन निवडणं हे माझ्या मते अर्धवट शास्त्र आहे. जिभेवर आणि तोंडाच्या आतल्या कातडीवर काय घडतं, ते पाहणं अधिक उपयोगाचं.

तिखटापासून सुरुवात करू. मिरचीतलं कॅप्सायसिन तोंडातल्या टीआरपीव्ही-१ नावाच्या संवेदकाला चेतवतं. हा संवेदक मुळात उष्णतेचा आहे. सुमारे ४२ अंश सेल्सिअसच्या वर तो ‘भाजतंय’ असा निरोप मेंदूला पाठवतो. मिरची थंड असतानाही तोच खोटा निरोप जातो. अल्कोहोल या संवेदकाचा उंबरठा खाली आणतं, प्रयोगांत तो ४२ वरून ३४ अंशांच्या आसपास आलेला दिसला. म्हणजे शरीराचं नेहमीचं तापमानही त्याला ‘भाजणारं’ वाटू लागतं. तांबड्या रश्श्यावर कडक पेयाचा घोट घेतला की आग वाढते, ती यामुळे. थंडावा आणि थोडा गोडवा ही आग कमी करतात.

इथेच गेवुर्ट्झट्रामिनरची शिफारस लंगडी पडते. तिचा वास गोड असला तरी ही द्राक्षं भरपूर साखर धरतात, आणि आंबल्यावर अल्कोहोल बहुधा १३-१४ टक्क्यांपर्यंत जातं. तिखटाला ते सोसत नाही. हिरवा मसाला चोपडलेली कोंबडी पोपटीत असेल, तर त्यापेक्षा किंचित गोडसर, कमी अल्कोहोलची रीसलिंग बरी. तिच्या काही प्रकारांत अल्कोहोल ८ ते १० टक्केच असतं. मात्र नुसत्या वालाच्या शेंगा, अंडी, रताळी आणि ओवा-मीठ अशी साधी पोपटी असेल, मिरची जवळपास नसेल, तर गेवुर्ट्झट्रामिनरला ती जागा शोभते. वालाचा किंचित कडवटपणा मीठ दाबतं, भाजलेल्या रताळ्याचा गोडवा वाइनच्या गोड वासाशी जमतो, आणि ओवा त्या गोडव्याला वाहू देत नाही.

आंबटाचं गणित सोपं आहे. पदार्थ वाइनपेक्षा आंबट असेल तर वाइन पाणचट लागते. कोकमाची आमटी, सोलकढी, चिंचेचं कालवण यांच्यापुढे गेवुर्ट्झट्रामिनर पार मान टाकते, कारण तिच्यात मुळात आम्लता कमी. तिथे नाशिककडची शेनिन ब्लाँ किंवा सॉव्हिन्याँ ब्लाँ टिकते. सुकट, बोंबील किंवा कोलंबीबरोबर तांबडी वाइन घेतली की तोंडात कधी कधी एक मासट, लोखंडी चव राहते. जपानी संशोधकांनी २००९ साली तिचं कारण शोधलं. वाइनमधलं लोह माशातल्या स्निग्धाशी संयोग पावून ते वास तयार करतं. पांढऱ्या वाइनमध्ये लोह सहसा कमी असतं, म्हणून माशाबरोबर पांढरी हा रिवाज निव्वळ शिष्टाचार नाही. पावसाळ्यातल्या शेवळांच्या भाजीबरोबर मात्र मी कुठलीच वाइन सुचवणार नाही. काकडाची फळं घालून खाज मारलेली ती भाजी तांदळाच्या भाकरीबरोबरच खावी.

एवढी बागायत आणि एवढे फार्महाऊस असताना वाइनची द्राक्षं कर्जतमध्येच का नाहीत, असं पाहुणे हमखास विचारतात. घाटाच्या पायथ्याशी वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, हवा दमट, रात्री उबदार. द्राक्षावर केवडा आणि भुरी पडायला याहून चांगली जागा नाही. शिवाय उबदार रात्रींत द्राक्षातलं आम्ल जळून जातं आणि तो नाजूक सुगंधही टिकत नाही. नाशिक, दिंडोरी घाटमाथ्याच्या पलीकडे, सहाशे मीटरच्या आसपास उंचीवर. तिथे एप्रिलात खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी बहाराची छाटणी आणि थंड रात्रींनंतर जानेवारी ते मार्चमध्ये काढणी, असं वेळापत्रक बसवता आलं. नारायणगावला ऐंशीच्या दशकात वाइन होऊ लागली, नाशिकच्या सुला कंपनीची पहिली शेनिन ब्लाँ आणि सॉव्हिन्याँ ब्लाँ २००० साली बाजारात आली, २००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं. गेवुर्ट्झट्रामिनरला थंडी याहूनही अधिक लागते. इथे मिळते ती बहुतेक परदेशी आणि महाग.

कर्जतचं स्वतःचं पीक भात. कोकण कृषी विद्यापीठाचं भात संशोधन केंद्र इथे आहे आणि ‘कर्जत-२’, ‘कर्जत-१८४’ अशी नावं शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत. सुगंधाचं बोलायचं, तर आंबेमोहोर आणि बासमतीचा वास ज्या रेणूचा, त्याचं लांबलचक नाव २-ॲसिटिल-१-पायरोलीन. पुणे विद्यापीठातल्या संशोधकांनी हाच रेणू मोहाच्या फुलात अभ्यासला आहे. मार्च-एप्रिलच्या पहाटे ठाकूर आणि कातकरी वाड्यांतल्या बायका मोहाची टपोरी, मांसल फुलं वेचतात, तेव्हा त्या झाडाखाली येणारा वास भाताच्या वासाच्या नात्यातला असतो! सुकलेल्या फुलात निम्म्याहून अधिक साखर असते; ती फुलं उकडून, भाजून, धान्यात मिसळून खाल्लीही जातात. त्यांची दारूही गाळतात, हे सर्वांना माहीत आहे. पाहुण्यांना तिचं आकर्षण असतं. पण परवान्याशिवाय गाळणं बेकायदा आहे, आणि बाटलीवर टक्का लिहिलेला नसल्याने पेल्यात किती अल्कोहोल आहे ते कुणीच सांगू शकत नाही. त्यातून मधल्या माणसाने काही मिसळलं तर प्राणाशी गाठ. २०१५ मध्ये मालवणीत शंभरावर माणसं मिथेनॉलने गेली, ती कुठल्या फुलामुळे नव्हेत, भेसळीमुळे.

आता त्या महत्त्वाच्या गोष्टीकडे येतो.

पोपटी लागल्यापासून मडकं फुटेपर्यंत अर्धा-पाऊण तास जातो. जाळ पेटवायची तयारी, पाला गोळा करणं धरलं तर दीड तास. या सगळ्या वेळात माणसं शेकोटीभोवती उभी असतात, दुपारचं जेवण जिरून गेलेलं असतं आणि हातात पेला असतो. ‘पदार्थाबरोबर वाइन’ असं आपण म्हणतो खरं, प्रत्यक्षात वाइन आधी संपते आणि पदार्थ मागून येतो.

अल्कोहोलचं पचन होत नाही, ते जसंच्या तसं रक्तात शोषलं जातं. जठरातून थोडं, बहुतांश लहान आतड्यातून. पोट रिकामं असेल तर जठराचं खालचं दार उघडंच असतं; घोट सरळ आतड्यात उतरतो आणि रक्तातली पातळी अर्ध्या ते एका तासात शिखर गाठते. पोटात अन्न असेल, विशेषतः पिष्ट, प्रथिनं आणि थोडं स्निग्ध, तर ते दार मिटलेलं राहतं. वाइन जठरात अडकते, हळूहळू सुटते, काही भाग जठराच्या भिंतीतल्या विकरांकडून तिथेच मोडला जातो. तेवढीच वाइन, तोच माणूस, पण रक्तातलं शिखर एक तृतीयांशाने किंवा त्याहूनही अधिक खाली राहू शकतं. वाइन आणि अन्नाची जोडी जुळवण्याचं शरीराच्या दृष्टीने जे काही शहाणपण आहे, ते हेच. लिची आणि गुलाब त्यानंतर.

ढोबळ हिशोब करून पाहू. दीडशे मिलिलिटरचा पेला, १३ टक्के वाइन, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम अल्कोहोल. साठ किलोच्या पुरुषाच्या रक्तात रिकाम्या पोटी हे शंभर मिलिलिटरला ३५ ते ४० मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकतं. पंचावन्न किलोच्या स्त्रीच्या रक्तात पन्नासच्या आसपास, कारण स्त्रियांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं. मोटार वाहन कायद्याची मर्यादा आहे ३० मिलिग्रॅम. शरीर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम या संथ गतीनेच ते उतरवतं. काळी कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याचा शिपका यांनी ती गती वाढत नाही. दोन पेले रिकाम्या पोटी झाले, तर मर्यादेखाली यायला तीनएक तास आणि पूर्ण उतरायला पाच तास. रात्री नऊला पोपटी आटोपून ‘दोन पेलेच तर घेतलेत’ म्हणत जो गाडी काढतो, तो खालापूरच्या टोलनाक्यावरून द्रुतगती मार्गावर चढतो किंवा बोरघाट चढू लागतो.

सुगंधी पांढरी वाइन या बाबतीत जास्त फसवी आहे, असं मला वाटतं. व्हिस्की घशाला टोचून आपली ओळख देते. थंडगार, गोडसर, फुलांच्या वासाची वाइन सरबतासारखी उतरते. गोड वासाने साखर नसतानाही गोड वाटतं, हा मेंदूचा जुना घोटाळा आहे. त्यात अल्कोहोलची धार लपून जाते.

आणि वाइन म्हणजे दारू नव्हे, हे वाक्य २०२२ च्या जानेवारीत, सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवू देण्याच्या राज्य मंत्रिमंडळाच्या निर्णयानंतर बरंच ऐकू आलं होतं. द्राक्ष उत्पादकाचं अर्थकारण वेगळं आणि यकृताचं वेगळं. यकृताला द्राक्ष, ऊस, मोह यांतला फरक कळत नाही. त्याच्यापुढे येतं ते इथेनॉलच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८ पासूनच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे, आणि जानेवारी २०२३ मध्ये संघटनेने स्पष्ट सांगितलं की आरोग्याला निर्धोक अशी मद्याची कुठलीही मात्रा नाही. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं, स्तन या सगळ्यांच्या कर्करोगाशी त्याचं नातं आहे. तंबाखू, गुटखा किंवा मिश्रीची सवय असेल तर तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतो. ‘वाइन हृदयाला चांगली’ ही समजूत तांबड्या वाइनवरून निघाली आणि तिचाही आधार आता बराच ढिला झाला आहे. पांढरीला तर ती कधी लागूच नव्हती. तेव्हा जो पीत नाही, त्याने प्रकृतीसाठी म्हणून सुरू करण्याजोगं यात काही नाही.

जे घेणारच आहेत, त्यांच्यासाठी शेतावरचा क्रम बदलणं सोपं आहे. मडकं जाळावर चढतं तेव्हा घरात तांदळाची भाकरी, उकडलेली अंडी, वालाचं बिरडं असं काहीतरी असतंच. ते आधी पोटात जाऊ द्यावं. बाटली उघडावी ती मडकं फुटल्यावर. पेल्याशेजारी पाण्याचा तांब्या असावा, कारण भाजलेल्या खारट शेंगांनी लागणारी तहान वाइनने भागवायला गेलं की हिशोब बिघडतो. मधुमेहाचं इन्शुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांची साखर रिकाम्या पोटी मद्याने रात्री उशिरा धोकादायक खाली जाऊ शकते, आणि गुंगीतला माणूस ‘चढली आहे’ म्हणून तसाच झोपू दिला जातो. झोपेच्या गोळ्यांबरोबर तर घेऊच नये. दमेकऱ्यांनी लेबल वाचावं. पांढऱ्या वाइनमध्ये टिकवण्यासाठी घातलेला सल्फर डायऑक्साइड तांबडीपेक्षा सहसा जास्त असतो आणि काहींना त्याने धाप लागते. गाडी चालवणाऱ्याने पोपटी पोटभर खावी, बाटलीला हात लावू नये.

मडकंही घाईने फोडू नये. शेंगा आणि अंडी लवकर होतात, कोंबडीचा हाडाजवळचा भाग गुलाबी राहतो, आणि अंधारात, दोन पेल्यांनंतर, तो कुणाला दिसत नाही. तुकडे लहान करावेत, एखादा उजेडात मोडून पाहावा.

उरलेली बाटली बूच लावून फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस बरी राहते. पिताना मात्र बर्फातून काढून दहा मिनिटं बाहेर ठेवावी. फार थंड वाइनचे सुगंधी रेणू उडतच नाहीत, आणि ज्याच्यासाठी एवढे पैसे मोजले तो लिचीचा वास पेल्यातच राहतो.